दोन ५८०, एक कॅबिनेट आणि रामबागेतली पत्र्याची खोली

एकाच कॉम्प्युटरमध्ये दोन ग्राफिक्स कार्डं जोडून गेम चालवण्याची ही गोष्ट. माझ्याकडे रेडिऑन आरएक्स ५८० चं ८ जीबी मेमरीचं एक कार्ड आधीपासून होतं. दुसरं सुदामानगरच्या एका मुलानं क्रिप्टो मायनिंगचा (कार्डावर आभासी नाणी कमावण्याचा) नाद सुटल्यावर साडेपाच हजारांत दिलं. म्हणजे हा उद्योग मी केला तो हौसेपोटी, आणि स्वस्तात. तुम्ही नवं काही घ्यायला निघाला असाल तर दोन कार्डांच्या पैशांत एकच मोठं कार्ड घ्या आणि मोकळे व्हा. पण घरात एक ५७० किंवा ५८० चालू आहे, त्याचं भावंड हाताशी येतंय आणि खेळायचे गेम २०१५ ते २०१८ च्या सुमाराचे आहेत, तर ही खटपट करून बघण्यासारखी आहे. एनव्हिडियावाल्यांनी आधी कार्डाची वरची कड बघावी. जीटीएक्स ९६० आणि ९७० ला एसएलआय, म्हणजे दोन कार्डं जोडण्याची एनव्हिडियाची सोय, आहे, १०६० ला तो जोडच दिलेला नाही. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून एनव्हिडियानं एसएलआयची नवी प्रोफाइलं, म्हणजे एकेका गेमसाठीची जुळणी, बनवणं बंद केलं आहे.

दोन कार्डं मिळून काम कसं करतात ते पंगतीत बघा. दोन वाढपी आहेत. एक विषम पानं वाढतो, दुसरा सम. फ्रेमचंही (पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या चित्रांचंही) तसंच, एक या कार्डाची, पुढची त्या कार्डाची. दोघांच्या हातात आमटीचं स्वतंत्र भांडं, पण आमटी तीच. म्हणून ८ आणि ८ मिळून १६ जीबी होत नाहीत, ८ च राहतात. माझ्या आतेभावानं हे ऐकून "ताई, मग फायदा काय?" असं विचारलं होतं. फायदा वाढण्याच्या वेगाचा आहे, भांड्याच्या आकाराचा नाही.

कार्ड विकत घेण्याआधी मदरबोर्डचं मॅन्युअल उघडा. दोन लांब स्लॉट दिसले म्हणून हुरळू नका. बी३५० चिपसेटच्या (चिपसेट म्हणजे मदरबोर्डवरची मुख्य चिप) बहुतेक बोर्डांवर खालचा स्लॉट दिसायला पूर्ण लांबीचा असतो, पण आत चारच लेन (डेटा जाण्याच्या वाटा), त्याही चिपसेटवरून आलेल्या आणि पीसीआय एक्सप्रेस २.० च्या. म्हणजे सेकंदाला साधारण २ जीबी. एक्स३७० वर प्रोसेसरच्या लेन आठ-आठ अशा वाटल्या जातात, तिथे प्रत्येक कार्डाला जवळजवळ ८ जीबी मिळतात. हा फरक इथे नडतो, कारण या रेडिऑन कार्डांना वरून पट्टी जोडावी लागत नाही. दुसऱ्या कार्डानं काढलेली फ्रेम या स्लॉटमधूनच पहिल्याकडे जाते. वाट अरुंद असेल तर वाढपी दारातच अडकतो. कार्ड बसवल्यावर जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून बस इंटरफेसच्या ओळीत दोन्हीकडे एक्स८ ३.० दिसतंय ना, ते गेम चालू ठेवून तपासा. कार्ड रिकामं बसलेलं असताना आकडा कमी दिसतो.

त्याच खिडकीत शेडर्सचा, म्हणजे कार्डातल्या छोट्या गणकांचा, आकडा बघा. खऱ्या ५८० मध्ये २३०४ असतात. बाजारात ५८० २०४८एसपी नावाचा एक अवतार फिरतो, तो आतून ५७० च आहे. खऱ्या ५८० शी त्याची जोडी लागते, पण चाल हळू कार्डाची.

मायनिंगमधून आलेल्या कार्डाचं आणखी एक दुखणं असतं. माझं दुसरं कार्ड लावलं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि कोड ४३. दोन संध्याकाळी ड्रायव्हर उपटून पुन्हा टाकण्यात गेल्या. शेवटी कळलं की त्या मुलानं कार्डाचा बायोस, म्हणजे त्याच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर, बदललेला होता. नशीब माझं, त्या कार्डाच्या कडेला नखाएवढी एक कळ होती, दोन बायोसांपैकी एक निवडण्याची. कॉम्प्युटर बंद करून ती पलीकडे सरकवली आणि कार्ड सरळ झालं. म्हणून नवं आलेलं कार्ड आधी एकटं लावून तासभर गेम चालवा. जोडीची घाई नंतर. त्याची वाळलेली थर्मल पेस्टही याच वेळी बदलून घ्या.

विजेचा हिशेब असा: एक ५८० साधारण १८५ वॉट खातं. दोन म्हणजे ३७०, वर प्रोसेसर, पंखे, डिस्क. पाचशेच्या घरात जातं. एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) चांगल्या जातीचा ७५० वॉटचा घ्या, आणि प्रत्येक कार्डाला एसएमपीएसपासून स्वतंत्र केबल द्या. एकाच केबलच्या दोन शेंड्या दोन कार्डांत खुपसू नका. हे सगळं मी नीट केलं आणि यूपीएस विसरले. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॉटच्या आसपासच देतो. पहिल्याच रात्री गेम सुरू झाला, दोन्ही कार्डांचे पंखे चढले, यूपीएस किंचाळला आणि काळोख. खालून सासऱ्यांचा आवाज, "वीज गेली का गं?" वीज फक्त माझीच गेली होती.

गरमीचं विचाराल तर आमची खोली पत्र्याखालची, आणि इंदूरचा मे महिना. वरचं कार्ड खालच्याच्या पाठीवरची तापलेली हवा ओढतं. माझ्याकडे खालचं ७१ अंशांवर असताना वरचं ८४ वर होतं. मधे निदान एक स्लॉट रिकामा हवाच. कॅबिनेटच्या बाजूच्या जाळीवर एक पंखा लावला आणि रेडिऑनच्या सॉफ्टवेअरमध्ये व्होल्टेज ११५० वरून १०८० मिलिव्होल्टवर आणलं. वेग तोच राहिला, वरचं कार्ड ७७ वर आलं. प्रत्येक कार्डाला हा आकडा पेलेलच असं नाही. दहा-दहानं उतरा, चित्र फाटायला लागलं की एक पायरी वर या.

आता सॉफ्टवेअर. जुना ड्रायव्हर सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या सॉफ्टवेअरनं साफ करा, नवा टाका, मॉनिटरची केबल वरच्या कार्डात ठेवा आणि ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये क्रॉसफायर, म्हणजे रेडिऑनची दोन कार्डं जोडण्याची सोय, चालू करा. गेम पूर्ण पडद्यावर चालवायचा, बॉर्डरलेस विंडोत दुसरं कार्ड झोपून राहतं.

गेमची निवड मात्र जपून. डायरेक्टएक्स म्हणजे विंडोजवर गेम आणि कार्ड यांच्यातला दुभाषा. त्याच्या ११ व्या आवृत्तीत जोडीचं काम ड्रायव्हर करतो. १२ मध्ये ते गेम बनवणाऱ्यानंच करायचं असतं, आणि फार थोड्यांनी केलंय. शॅडो ऑफ द टूम्ब रेडरमध्ये ते आहे. द विचर ३ ला २०२२ च्या अपडेटनंतर लाँचरमधून मुद्दाम डायरेक्टएक्स ११ निवडावं लागतं. मग माझ्याकडे १४४० पिक्सेलवर चाळिशीतले फ्रेम सत्तरीत गेले. अनरियल इंजिन ४ वर बनलेले बहुतेक गेम दुसऱ्या कार्डाकडे ढुंकून बघत नाहीत. नव्या गेमना पुढची फ्रेम काढताना मागची लागते, आणि ती असते शेजारच्या कार्डात.

आकडा ६० दाखवतोय आणि डोळ्यांना ४० वाटतंय? एक फ्रेम ८ मिलिसेकंदांत आली, पुढची २५ मध्ये, पुन्हा ८, पुन्हा २५. सरासरी उत्तम, लय बिघडलेली. एका वाढप्यानं घाई केली आणि दुसरा मागे राहिला. यावर उपाय म्हणजे फ्रेमला लगाम घालणं. सत्तर मिळत असतील तर साठावर बांधा.

क्रॉसफायर न जुळणाऱ्या गेमसाठी मी आता दुसरी युक्ती वापरते, आणि खरं सांगायचं तर तीच जास्त वापरते. स्टीमवर लॉसलेस स्केलिंग नावाचं स्वस्त सॉफ्टवेअर मिळतं. क्रॉसफायर बंद करायचं, मॉनिटरची केबल खालच्या कार्डात लावायची आणि विंडोज ११ च्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये गेमसाठी वरचं कार्ड नेमायचं. लॉसलेस स्केलिंगमध्ये प्रेफर्ड जीपीयू म्हणून खालचं निवडायचं. एक कार्ड गेम काढतं, दुसरं मधल्या फ्रेम रचतं. इथे गेम बॉर्डरलेस हवा, म्हणजे वरच्या नियमाच्या नेमकं उलट. साठाचे एकशेवीस दिसतात. हाताला किंचित उशीर जाणवतो, त्यामुळे नेमबाजीच्या स्पर्धेत हे नको, भटकंतीच्या गेममध्ये चालेल. कार्डं जुळी असण्याचीही गरज नाही. आतेभावानं ५८० सोबत घरात पडलेलं जुनं ५६० लावलंय.

दुसरं कार्ड काढायची वेळ आली तर आधी क्रॉसफायर बंद करा, मग कॉम्प्युटर बंद, मग भिंतीवरच्या बोर्डातून पिन ओढा, आणि शेवटी स्लॉटची कडी दाबून कार्ड वर घ्या. दोन कार्डांमधल्या फटीत ती कडी बोटाला सापडत नाही. मी भाकरीच्या उलथन्याचा लाकडी दांडा वापरते.