पासवर्ड बरोबर, तरी दार बंद: लॉगिन स्क्रीनवरच्या कीबोर्ड लेआउटबाबत या चुका टाळा

संगणक सुरू केला, पासवर्ड टाकला आणि उत्तर आलं: चुकीचा पासवर्ड. पुन्हा टाकला, या वेळी सावकाश, एकेक कळ बघून. पुन्हा तेच. काही वर्षांपूर्वी नेमक्या याच कारणाने मी एका संगणकावर अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने बसवली होती. पासवर्डात ‘ॲट द रेट’ होतं आणि लॉगिन स्क्रीनवर अमेरिकनऐवजी ब्रिटिश इंग्रजी लेआउट चालू होता. अमेरिकन लेआउटमध्ये शिफ्ट धरून २ दाबलं की ‘ॲट द रेट’ येतं, ब्रिटिशमध्ये त्याच जागी दुहेरी अवतरणचिन्ह येतं. पडद्यावर दोन्ही वेळा दिसतं ते एक काळं टिंब. पासवर्ड मुळात बरोबरच होता, हे कळलं तेव्हा सगळं पुसून झालेलं होतं. ती वेळ आणखी कुणावर येऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यायला हवी. कीबोर्ड संगणकाला अक्षर पाठवत नाही. कोणत्या जागची कळ दाबली, एवढा क्रमांक तो पाठवतो. त्या क्रमांकाचं अक्षर कोणतं, हे संगणकातला एक तक्ता ठरवतो आणि त्या तक्त्यालाच आपण लेआउट म्हणतो. कळेवर छापलेलं अक्षर संगणकाला दिसत नाही. शिवाय असा तक्ता संगणकात एकच नसतो. बूट मेनू, डिस्कचं कुलूप, लॉगिन स्क्रीन आणि तुमचा डेस्कटॉप अशा एकामागून एक दारांवर प्रत्येकाचा आपापला तक्ता असू शकतो. पुढच्या बहुतेक चुका, एका दाराची सेटिंग दुसऱ्या दारालाही लागू असणार असं गृहीत धरल्यामुळे होतात.

पासवर्डलाच दोषी ठरवणं

पासवर्ड रीसेट करायच्या आधी अक्षरं नेमकी कोणती उमटताहेत ते बघा. लॉगिन स्क्रीनवर पासवर्डाच्या चौकटीत डोळ्याचं चिन्ह असेल तर काम सोपं आहे. नसेल तर वापरकर्त्याच्या नावाची चौकट कामी येते, कारण तिथे टंकलेलं दिसतं. लिनक्सच्या ग्नोम या डेस्कटॉपच्या लॉगिनवर नावांची यादी दिसत असेल तर ‘नॉट लिस्टेड’वर क्लिक केलं की ही चौकट मिळते. पण तिथे पूर्ण पासवर्ड टंकू नका. शेजारी कुणी उभं असू शकतं, चुकून एंटर दाबला जाऊ शकतो. संशयित कळा तेवढ्या दाबून बघा: ‘ॲट द रेट’, अवतरणचिन्ह, हॅश, ‘वाय’, ‘झेड’, ‘ए’, ‘क्यू’ आणि वरच्या ओळीतले अंक. ‘वाय’ आणि ‘झेड’ यांची अदलाबदल झाली असेल तर जर्मन लेआउट चालू असण्याची दाट शक्यता आहे. ‘ए’च्या जागी ‘क्यू’ येत असेल आणि अंकांसाठी शिफ्ट धरावी लागत असेल तर फ्रेंच. ‘के’ दाबल्यावर क, ‘जे’ दाबल्यावर र आणि ‘एच’ दाबल्यावर प उमटला तर इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांचा प्रमाणित लेआउट, चालू आहे.

विंडोजमध्ये लॉगिन स्क्रीनच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या ॲक्सेसिबिलिटीच्या चिन्हातून ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडता येतो. तो चालू लेआउटप्रमाणेच कळा दाखवतो, त्यामुळे कोणता तक्ता लागू आहे हे एका नजरेत कळतं. एकापेक्षा जास्त लेआउट असतील तर त्याच कोपऱ्यात भाषेची खूणही असते आणि विंडोजची कळ धरून स्पेस दाबलं की लेआउट बदलतो.

कॅप्स लॉक आणि नम लॉकही बघून घ्या. उजवीकडच्या अंकपट्टीवरून पासवर्ड टाकायची सवय असेल आणि नम लॉक बंद असेल, तर एकही अंक चौकटीत जात नाही.

स्वतःची सेटिंग बदलून लॉगिन स्क्रीनही बदलली असं समजणं

सर्वांत जास्त लोक इथेच अडकतात आणि त्यात त्यांची चूक फारशी नाही, कारण दोन्ही सेटिंग वेगळ्या आहेत असं कुठेच ठळकपणे लिहिलेलं नसतं. लॉगिन स्क्रीन येते तेव्हा तुम्ही अजून आत आलेलेच नसता. ती स्क्रीन सिस्टिमच्या खात्यावर चालते. तुमच्या खात्यातली भाषा, लेआउटचा क्रम, सुरुवातीला आपोआप चालणाऱ्या कमांड यांतलं तिला काहीच ठाऊक नसतं.

विंडोजमध्ये यासाठी वेगळी खिडकी आहे. सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’खाली ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह लँग्वेज सेटिंग्ज’ शोधा आणि तिथलं ‘कॉपी सेटिंग्ज’ हे बटण दाबा. खाली दोन चौकोन दिसतात: एक वेलकम स्क्रीन आणि सिस्टिम खात्यांसाठी, दुसरा पुढे तयार होणाऱ्या नव्या खात्यांसाठी. पहिल्यावर खूण करा. दुसऱ्यावर गरज असेल तरच. हे बटण तुमच्या खात्याची आत्ताची स्थिती जशीच्या तशी उचलतं, म्हणून आधी आपल्या खात्यातले नको असलेले लेआउट काढा, क्रम नीट लावा आणि मगच कॉपी करा. उलट क्रमाने केलं तर जुना घोळच लॉगिन स्क्रीनवर पक्का होतो. लेआउटबरोबर भाषा आणि तारखेचे फॉरमॅटही तिकडे जातात, हेही लक्षात असू द्या.

रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या मूळ साठ्यात, जाऊन हेच करणारे ‘एचकी यूजर्स’खालची ‘डिफॉल्ट’ नावाची शाखा बदलतात. नावावरून ती नव्या वापरकर्त्यांची वाटते, पण ती सिस्टिम खात्याची आहे. तिच्यातल्या ‘कीबोर्ड लेआउट’, ‘प्रीलोड’मध्ये पहिल्या क्रमांकावर जे असेल ते लॉगिनला आधी लागतं. अमेरिकन इंग्रजीचा आकडा ०००००४०९ आहे. कॉपीचं बटण असताना रजिस्ट्रीला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

लिनक्समध्ये ‘सेटएक्सकेबीमॅप’ ही लेआउट बदलणारी कमांड आपल्या होम फोल्डरातल्या सुरुवातीच्या फाइलीत टाकून ठेवणारे पुष्कळ आहेत. ती कमांड लॉगिन झाल्यावर चालते, म्हणून लॉगिन स्क्रीनवर तिचा उपयोग शून्य. वेलँड या नव्या पडदा-प्रणालीवर तर ती आतल्या डेस्कटॉपचाही लेआउट बदलत नाही. बदल सिस्टिमच्या पातळीवर करायला हवा. डेबियन आणि उबंटू या लिनक्सच्या प्रकारांत ‘इटीसी’खालच्या ‘डिफॉल्ट’ फोल्डरात ‘कीबोर्ड’ नावाची फाइल असते, ती बदला किंवा ‘कीबोर्ड-कॉन्फिगरेशन’ हे पॅकेज पुन्हा कॉन्फिगर करा. फेडोरा आणि आर्च या प्रकारांवर ‘लोकलसीटीएल’ ही कमांड वापरा. त्याला ‘स्टेटस’ विचारलं की कन्सोलचा (नुसत्या मजकुराच्या पडद्याचा) आणि ग्राफिकल पडद्याचा असे दोन लेआउट वेगवेगळे दिसतात. ते दोन्ही जुळताहेत का ते बघाच.

ग्नोमच्या लॉगिनवर लेआउटचा मेनू दिसत नाही अशी तक्रार असते. सिस्टिमला एकच लेआउट दिलेला असेल तर तो मेनू दिसतच नाही. दोन दिले की दिसतो. लाइटडीएम या दुसऱ्या लॉगिन प्रोग्रामच्या जीटीके ग्रीटर नावाच्या पडद्यात मात्र त्याच्या कॉन्फिगरेशन फाइलीत इंडिकेटरच्या ओळीत लेआउटचं नाव घालावं लागतं.

देवनागरी पहिली, इंग्रजी दुसरी किंवा नाहीच

मराठीत काम करणाऱ्याला देवनागरी लेआउट पहिला असावा असं वाटणं स्वाभाविक आहे. डेस्कटॉपवर तसं खुशाल करा. लॉगिन स्क्रीनवर मात्र पासवर्ड ज्या लेआउटवर ठरवला तोच पहिला हवा आणि तो यादीतून काढायचा तर मुळीच नाही. लिनक्समध्ये वर सांगितलेल्या ‘कीबोर्ड’ फाइलीतल्या लेआउटच्या ओळीत ‘यूएस’ (अमेरिकन इंग्रजी), स्वल्पविराम, ‘इन’ (भारतीय) असा क्रम ठेवा आणि लेआउट बदलण्याची कळजोडीही त्याच फाइलीत द्या. एका वेळी चारपेक्षा जास्त लेआउट तिथे बसत नाहीत.

याच ठिकाणी एका स्वल्पविरामाने मला खूप छळलं आहे. लेआउटच्या ओळीत दोन नावं असतील तर व्हेरिएंटच्या, म्हणजे लेआउटच्या उपप्रकाराच्या, ओळीतही दोन जागा लागतात. मराठीचा कागापा फोनेटिक व्हेरिएंट हवा म्हणून नुसतं ‘मार-कागापा’ लिहिलं, तर तो पहिल्या लेआउटला, म्हणजे अमेरिकन इंग्रजीला लागू होतो. तिथे असा व्हेरिएंटच नाही. मग अख्खी ओळ निरुपयोगी ठरते आणि लॉगिनला भलताच लेआउट येतो. आधी स्वल्पविराम द्यायचा, त्याच्या अलीकडची जागा रिकामी ठेवायची आणि मग व्हेरिएंटचं नाव लिहायचं.

देवनागरीत पासवर्ड

मोह होतो, पण टाळा. तुलना पासवर्डाच्या बाइट्सची होते, दिसण्याची नाही. ‘तऱ्हा’मधला अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो: ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा जोडक. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते दोन वेगळे शब्द आहेत. स्वतः ऱसुद्धा एक अक्षर म्हणून किंवा र आणि नुक्ता म्हणून साठवला जाऊ शकतो. कोणता लेआउट यातलं काय पाठवेल हे तुम्हाला टिंबांमागून कळणार नाही. रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारी फोनेटिक साधनं तर पासवर्डाच्या चौकटीत सहसा चालतच नाहीत.

डिस्कच्या कुलपाचं दार विसरणं

लिनक्समध्ये डिस्क कूटबद्ध असेल तर लॉगिन स्क्रीनच्याही आधी एक पासफ्रेज विचारली जाते. ती विचारणारा छोटा प्रोग्राम इनिटरॅमएफएसमध्ये, म्हणजे बूट होताना आधी चालणाऱ्या छोट्या सिस्टिममध्ये, असतो आणि लेआउटची प्रत त्याच्याकडे स्वतंत्र असते. तुम्ही ‘कीबोर्ड’ फाइल बदलली तरी ती प्रत जुनीच राहते. डेबियन-उबंटूत इनिटरॅमएफएस अपडेट करावं लागतं. आर्चवर इनिटरॅमएफएसच्या बिझीबॉक्सवाल्या मांडणीत ‘कीमॅप’ हा हुक (बूटचा टप्पा) ‘एन्क्रिप्ट’च्या आधी असावा लागतो, नाहीतर कुलूप आधी विचारलं जातं आणि लेआउट नंतर येतो. ग्रब हा बूट मेनू स्वतः पासफ्रेज विचारत असेल तर तिथे गृहीत धरायचा तो अमेरिकन लेआउटच.

लेआउटला हात लावण्याआधी लक्स या लिनक्सच्या डिस्क-कुलपाच्या रिकाम्या स्लॉटमध्ये (पासफ्रेजच्या जागेत) दुसरी पासफ्रेज घालून ठेवा. जुन्या लक्स १ मध्येही असे ८ स्लॉट असतात. ही दुसरी पासफ्रेज लांब ठेवा, पण सगळ्या लॅटिन लेआउटमध्ये सहसा एकाच जागी असणाऱ्या अक्षरांची, जसं ‘ई’, ‘आर’, ‘टी’, ‘डी’, ‘एफ’, ‘जी’. हे दार बंद झालं तर आतली माहिती कुणालाच काढता येत नाही.

लॉगआउट करून तपासणं

बदल केला की लोक लगेच लॉगआउट किंवा रीस्टार्ट करतात. बदल फसला तर ते बाहेर अडकतात. त्याऐवजी ‘स्विच यूजर’ वापरा. लॉगिन स्क्रीन समोर येते आणि तुमचं सत्र मागे उघडंच राहतं. ग्नोममध्ये नुसती लॉक स्क्रीन तपासून उपयोग नाही, कारण ती तुमच्याच सत्रात, तुमच्याच लेआउटवर चालते. लॉक उघडतं पण सकाळी लॉगिन होत नाही, या कोड्याचं उत्तर बहुधा हेच असतं.

बाहेर अडकलाच असाल तर लिनक्सवर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबून टेक्स्ट कन्सोल उघडा. तिथे कन्सोलचा लेआउट चालतो, म्हणजे ग्राफिकल पडद्यावर घोळ असला तरी इथे पासवर्ड लागू शकतो. नावाच्या जागी आधी संशयित कळा दाबून बघा, बॅकस्पेसने पुसा, मग नाव आणि पासवर्ड टाका. आत गेलात की वर सांगितलेली लेआउटची सेटिंग दुरुस्त करा.