रेंज नसलेल्या पाड्यावरही नकाशा चालला पाहिजे, त्यासाठी ऑफिसातच काय काय करून ठेवायचं

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावचा बाजार मागे पडला आणि गाडी वर चढायला लागली की मोबाईलची रेंज येते-जाते, येते-जाते असं सुरू होतं आणि पुढे आतल्या पाड्यांवर तर ती नसतेच. आमचं काम झऱ्यांची नोंद घ्यायचं, म्हणजे कुठला पाडा कुठल्या झऱ्याचं पाणी भरतो, मार्चनंतर तो झरा चालू राहतो का, बायांना तिथपर्यंत किती चढउतार करावा लागतो, हे सगळं. पाच कार्यकर्ते, पाच साधे अँड्रॉइड फोन. पहिल्या फेरीला मी सगळ्यांना नुसती गूगल मॅप्सची लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली होती, आणि त्यातला एक जण अर्धा दिवस चुकीच्या डोंगरधारेवर फिरला, कारण रेंज गेल्यावर त्याच्या फोनवर फक्त राखाडी चौकोन आणि मधे निळा ठिपका एवढंच उरलं. चूक त्याची नव्हती, नकाशा तयार करून न देणाऱ्याची म्हणजे माझी होती. तेव्हापासून आम्ही जे करतो ते इथे लिहितोय. आशाताई, पाणलोटाचं काम करणारे, वनहक्काच्या दाव्यांसाठी मोजणी करणारे, सगळ्यांना थोड्याफार फरकाने हेच लागू पडेल.

आधी एक गैरसमज काढून टाकू. जीपीएसला इंटरनेट लागत नाही. फोन थेट उपग्रहांचे सिग्नल ऐकतो, सिमकार्ड नसलं तरी ऐकतो. नेट लागतं ते खालचं चित्र म्हणजे रस्ते, नाले, नावं आणण्यासाठी. आणि अजून एका गोष्टीसाठी: नेट असेल तर फोनला उपग्रह आत्ता कुठे आहेत याची माहिती आयती मिळते म्हणून ठिपका काही सेकंदांत लागतो, नेट नसेल तर तीच माहिती उपग्रहाकडून हळूहळू उतरवून घ्यावी लागते आणि त्याला काही मिनिटं जाऊ शकतात. म्हणून निघायच्या दिवशी सकाळी रेंज असतानाच, उघड्या जागेत उभं राहून एकदा जागा लावून घ्या, आणि आत गेल्यावर ठिपका लगेच नाही आला तर घाबरायचं नाही, झाडाखालून बाहेर येऊन थांबायचं.

सुरुवात कागदावर

कॉम्प्युटर उघडायच्या आधी कार्यकर्त्यांना एकत्र बसवा आणि विचारा, कुठून कुठे जाणार, गाडी कुठपर्यंत जाते, पायी किती. सातपुड्यात गाव म्हणजे एका जागी घरं असं नसतं, एकाच महसुली गावाचे पाडे वेगवेगळ्या टेकड्यांवर पसरलेले असतात, आणि सरकारी नकाशावर बऱ्याचदा गावाचं एकच नाव असतं, पाड्यांची नावं नसतातच. शिवाय पाड्याला लोक एका नावाने ओळखतात आणि कागदावर दुसरंच असतं. पावरी किंवा भिली बोलणारा कार्यकर्ता जे नाव सांगेल ते जसंच्या तसं देवनागरीत लिहून घ्या, नाल्यांची, खिंडींची नावंसुद्धा. माझ्या मते या सगळ्या कामातला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण रस्ता विचारताना माणूस तेच नाव घेणार आहे आणि समोरचा म्हातारा त्याच नावावर बोट दाखवणार आहे. या बैठकीला दोन तास गेले तरी जाऊ द्या.

मग उपग्रहाच्या चित्रावर कार्यकर्त्याला शेजारी बसवून प्रत्येक पाडा दाखवायला सांगा. शाळा, नाल्याचा वळसा, मोठं झाड अशा खुणांवरून ते अचूक सांगतात.

कुठलं ॲप घ्यायचं

नुसतं पोचायचं असेल, नोंद काही करायची नसेल तर सोप्यात सोपं म्हणजे ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑसमँड. दोन्ही ओपनस्ट्रीटमॅपच्या (लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाच्या) माहितीवर चालतात, महाराष्ट्राचा नकाशा वायफायवर एकदा उतरवून घेतला की झालं, पायवाटासुद्धा दिसतात (कुणी तरी त्या आधी टाकलेल्या असतील तर). ऑसमँडच्या प्ले स्टोअरवरच्या फुकट आवृत्तीत किती नकाशे उतरवायचे याला मर्यादा आहे, पण एका राज्यापुरतं काम आरामात होतं. गूगल मॅप्समध्येही ऑफलाइन भाग उतरवता येतो, पण रेंज नसताना ते गाडीचा रस्ता सांगतं, पायी चालायचा नाही, आणि उतरवलेला भाग ठराविक काळाने अपडेट नाही केला तर तो निघून जातो. डोंगरात चालणाऱ्याला म्हणून ते अपुरं पडतं.

पण जागेवर नोंद करायची असेल, फोटो काढायचा असेल, आपला स्वतःचा नकाशा आत घालायचा असेल तर कॉम्प्युटरवर क्यूजीआयएस (नकाशे बनवायचा प्रोग्रॅम) आणि फोनवर क्यूफील्ड (तोच नकाशा जागेवर उघडून नोंदी करायचं ॲप) ही जोडी घ्या. दोन्ही फुकट. शिकायला आठवडाभर लागतो, पण एकदा हात बसला की दुसरं काही बघावंसं वाटत नाही. पुढचं सगळं याच जोडीबद्दल आहे.

माहिती गोळा करणं

रस्ते आणि नाले ओपनस्ट्रीटमॅपवरून. हॉट एक्स्पोर्ट टूल नावाच्या साइटवर चौकोन काढला की तेवढ्याच भागाची माहिती जिओपॅकेज (नकाशाची माहिती ठेवायचा एक फाइलचा प्रकार) फाइलमध्ये मिळते. डोंगराळ भागात उंचीच्या रेषा हव्यातच, त्यासाठी कोपर्निकसचा किंवा एसआरटीएमचा, अवकाशातून मोजलेला, दर ३० मीटरला एक आकडा असलेला उंचीचा डेटा उतरवून क्यूजीआयएसमध्ये २० मीटरच्या अंतराने रेषा काढा. सरळ रेषेत एक किलोमीटर दिसणारा पाडा मधे दरी असेल तर दीड तासाचा निघतो आणि ते या रेषांवरूनच कळतं. सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे ओपन सिरीज नकाशे त्यांच्या पोर्टलवर नाव नोंदवून पीडीएफमध्ये मिळतात, पडताळायला चांगले. कुणाकडे जुन्या स्कॅन केलेल्या टोपोशीट असतील तर सांभाळून, त्या एव्हरेस्ट नावाच्या जुन्या मोजमाप पद्धतीवर आहेत आणि नीट बसवल्या नाहीत तर सगळं काहीशे मीटर सरकतं.

आता अक्षांश-रेखांश, इथे फार गोंधळ होतो. २१ अंश ३० मिनिटं म्हणजे २१.५०, २१.३० नाही. हा एवढासा फरक जमिनीवर जवळपास २२ किलोमीटर होतो. कुणी व्हॉट्सॲपवर आकडे पाठवले की आधी विचारा, मिनिटांत आहेत की दशांशात. आणि मीटरमध्ये मोजमाप करायचं असेल तर यूटीएम झोन (पृथ्वीचे उभे पट्टे करून मीटरमध्ये मोजायच्या पद्धतीतला आपला पट्टा) बघा: महाराष्ट्र ७८ अंश रेखांशावर दोन झोनमध्ये विभागला जातो, नंदुरबार, नाशिक, मेळघाट हे ४३ मध्ये म्हणजे क्यूजीआयएसमध्ये निवडायचा ईपीएसजी कोड ३२६४३, आणि नागपूर, गडचिरोली ४४ मध्ये म्हणजे ३२६४४. एकच टेम्प्लेट दोन्हीकडे वापरलं की अंतरं आणि क्षेत्रफळं चुकायला लागतात.

खालचं चित्र बनवणं, आणि झूमचा हिशोब

क्यूजीआयएसच्या प्रोसेसिंग टूलबॉक्समध्ये एक्सवायझेड टाइल्स एमबीटाइल्समध्ये बनवायचं टूल आहे. त्याला भाग सांगायचा, किमान झूम, कमाल झूम सांगायचा, आणि तो सगळ्या नकाशाचे छोटे छोटे चौकोन करून एका फाइलमध्ये भरतो. नवीन माणूस इथे कमाल झूम २० टाकतो आणि रात्रभर कॉम्प्युटर चालू ठेवतो, सकाळी फाइल एवढी मोठी की फोनमध्ये मावत नाही. हिशोब असा आहे की झूम एकाने वाढला की चौकोन चौपट होतात. आपल्या अक्षांशावर २० बाय २० किलोमीटरच्या भागाला झूम १६ ला साधारण १,२५० चौकोन लागतात, १७ ला ५,००० आणि १८ ला २०,०००. रस्ते-नाले-रेषांच्या नकाशाला १७ पुरतो, पीएनजी ठेवा, अक्षरं स्वच्छ दिसतात. फोटोसारखं चित्र असेल तर जेपीजी.

चित्राच्या मूळ स्पष्टतेपलीकडे झूम वाढवून काहीच मिळत नाही हेही लक्षात घ्या. सेंटिनेल-२ या उपग्रहांच्या फुकट मिळणाऱ्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर १० मीटरचा आहे, आणि आपल्याकडे झूम १४ ला एक ठिपका साधारण ९ मीटरचा होतो, म्हणजे १४ च्या पुढे तुम्ही नुसते तेच धूसर ठिपके मोठे करून साठवताय. गूगलचं उपग्रह चित्र क्यूजीआयएसमध्ये जोडून त्याच्या टाइल्स ओढून घ्या असं सांगणारे व्हिडिओ खूप आहेत, ते त्यांच्या अटींत बसत नाही. ओपनस्ट्रीटमॅपच्या सर्व्हरवरूनही घाऊक टाइल्स उतरवायला मनाई आहे, तो सर्व्हर देणग्यांवर चालतो, त्याच्यावर भार टाकू नका, माहिती उतरवून आपला नकाशा आपण रंगवा. त्याचा फायदाच आहे, पायवाट ठळक करता येते, पाड्यांची नावं मराठीत मोठ्या अक्षरांत टाकता येतात, भर उन्हात वाचता येईल असे गडद रंग घेता येतात. फिकट हिरवा-निळा ऑफिसात छान दिसतो, एप्रिलमधे दुपारी बारा वाजता त्यातलं काहीच दिसत नाही.

फोनचं मेमरी कार्ड जुनं आणि फॅट३२ (फाइली साठवायची जुनी पद्धत) असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, पण मुळात फाइल तेवढी होऊच देऊ नका, प्रत्येकाला त्याच्या वाटणीच्या भागाचीच द्या.

फॉर्म

झऱ्यांसाठी एक जिओपॅकेज लेयर (नकाशावरचा वेगळा थर) करा. टाइप करायला लागेल असं कमीत कमी ठेवा. पाड्याचं नाव यादीतून निवडायचं, पाणी कधीपर्यंत असतं ते महिन्यांच्या यादीतून, फोटोसाठी अटॅचमेंट, तारीख आपोआप. यादीच्या शेवटी "इतर" ठेवा आणि त्याच्या खाली लिहायला जागा, कारण ऑफिसात बसून सगळं सुचत नाही.

आणि एक रकाना असा ठेवाच ज्यात यूयूआयडी (दुसऱ्या कुठल्याच नोंदीशी न जुळणारा लांबलचक ओळख क्रमांक) आपोआप भरला जाईल. का, तर प्रत्येक फोन स्वतःपुरता १, २, ३ असे नंबर देतो. पाच फोन परत आले की "१" नंबरचेच पाच झरे होतात आणि कुठला फोटो कुठल्या झऱ्याचा ते सोडवताना डोळ्यात पाणी येतं. यूयूआयडी असेल आणि फोटोच्या नावातही तोच आला तर हा प्रश्नच येत नाही.

लोकांच्या घरांचे ठिपके, आजारपण, नावं असं काही गोळा करत असाल तर त्यांना विचारून करा आणि फोनला लॉक लावा. फोन हरवतो, त्यातली माहिती दुसऱ्याची असते.

फोनमध्ये घालणं

क्यूजीआयएसमध्ये क्यूफील्डसिंक नावाचं प्लगइन आहे, ते सगळं प्रोजेक्ट एका फोल्डरमध्ये बांधून देतं. बांधायच्या आधी ऑनलाइन लेयर सगळे काढून टाका, नाहीतर ऑफिसात दिसतात आणि डोंगरात गायब होतात. फोल्डरची झिप करून फोनवर द्या आणि क्यूफील्डमधूनच ती आत घ्या, किंवा केबल लावून घाला.

हे मात्र ठळक अक्षरात भिंतीवर लावा: क्यूफील्ड अनइन्स्टॉल करायचं नाही. अँड्रॉइडवर त्याच्या फाइल्स ॲपच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये असतात आणि ॲप काढलं की त्या पण जातात. फोन हँग होतोय म्हणून कुणी तरी ॲप काढून परत टाकतं आणि तीन दिवसांच्या नोंदी संपतात.

मग फ्लाइट मोडची परीक्षा. पाचही फोन टेबलावर ठेवा, फ्लाइट मोड लावा, फोन बंद करून परत चालू करा, ॲप उघडा. नकाशा दिसतो का, पाड्यांची नावं दिसतात का, पूर्ण झूम करून दिसतात का, एक खोटी नोंद फोटोसकट करा आणि ती सेव्ह झाली का बघा. हे तुम्ही करायचं नाही, ज्याचा फोन आहे त्याने करायचं, तुम्ही नुसतं बघायचं. त्यानंतर ऑफिसच्या मागच्या मैदानात जाऊन ठिपका लागतो का ते बघा (फ्लाइट मोडमध्येही लागतो, लोकेशन चालू असलं पाहिजे). उघड्या आकाशाखाली साध्या फोनची अचूकता ५ मीटरच्या आसपास असते, खोल घळीत ती बरीच बिघडते, म्हणून झऱ्यापाशी जरा थांबून, अचूकतेचा आकडा खाली आला की मगच नोंद करायची असं सांगा. खोटी नोंद नंतर पुसायला विसरू नका.

पॉवर बँक, केबल, आणि त्या भागाचा एक छापलेला ए३ कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून प्रत्येकाला द्या. फोन पडला, ओला झाला तरी माणूस परत यायला हवा.

परत आल्यावर

पहिलं काम चहा, दुसरं काम प्रत्येक फोनमधलं पूर्ण फोल्डर, फोटोंच्या डीसीआयएम फोल्डरसकट, जसंच्या तसं कॉपी करून त्यावर नाव आणि तारीख टाकणं. या मूळ प्रतींना हात लावायचा नाही, एकत्र करायचं ते त्यांच्या दुसऱ्या प्रतीवर. क्यूजीआयएसमधलं मर्ज व्हेक्टर लेयर्स पाचही फाइल्स एकत्र करतं, मग यूयूआयडी दोनदा आलाय का तपासा आणि ठिपके नकाशावर टाकून कार्यकर्त्यांना दाखवा, चुकीच्या टेकडीवर गेलेला झरा त्यांना लगेच कळतो.

त्याच बैठकीत वाटेत कळलेली नवीन नावं, बंद झालेल्या पायवाटा, पावसात तुटलेला रस्ता हेही लिहून घ्या. पाडे आणि वाटा ओपनस्ट्रीटमॅपवर टाका, पाड्याला हॅम्लेट असा टॅग आणि मराठी नावासाठी वेगळा रकाना आहे तिथे, म्हणजे पुढच्या अपडेटनंतर ऑसमँड आणि ऑर्गॅनिक मॅप्स वापरणाऱ्या नर्सताईंना आणि ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरलाही तो पाडा त्यांच्या फोनवर सापडू शकेल. झऱ्यांचं मात्र पाड्यातल्या लोकांना विचारल्याशिवाय टाकू नका, काही झरे त्यांच्या देवाच्या जागेत असतात.