हिवाळ्यातली लांब सायकल राइड: या चुका टाळा

निघताना थंडी वाजत नसेल तर अंगावर कपडे जास्त आहेत. हिवाळी राइडची पहिली चूक अशी दारातच होते. पहाटेच्या गारठ्याला भिऊन आपण असेल नसेल ते सगळं चढवतो. सुरुवातीला छान ऊब वाटते, आणि पहिला चढ लागला की आतून चिंब. मग दिवसभर कुडकुडायचं, ते या घामापायी. निघताना थोडं काकडू द्या. १०-१५ मिनिटांत अंग तापतंच.

सुती बनियन घरी ठेवा. सूत घाम पितं आणि सोडत नाही. आत पातळ लोकरी किंवा सिंथेटिक थर, मध्ये ऊब धरणारा एक आणि वर वारा अडवणारं हलकं जाकीट, असे तीन थर पुरतात. एकच जाडजूड जाकीट घातलं की दिवसभर एक तर उकडतं, नाहीतर गारठायला होतं.

माथ्यावरची ती पाच मिनिटं

एकदा लांबलचक चढ संपवून माथ्यावर पोचलो तेव्हा अंगातून अक्षरशः वाफा निघत होत्या. फोटो काढले, गप्पा हाणल्या आणि तसाच उताराला लागलो. विंडचीटर पाठीमागच्या खिशात घडी करून होतं, पण ‘गरम होतंय की, आत्ता कशाला?’ अर्ध्या उतारावर दात वाजायला लागले. ब्रेक दाबला गेलाय की नाही, ते बोटांना कळेना. थांबून जाकीट कसंबसं अंगात घातलं, तर झिप लागेना. अंगठा आणि तर्जनी जुळतच नव्हती. शेवटी झिपचं टोक दातांत धरून वर ओढलं.

यामागचं गणित सोपं आहे. चढताना वेग ताशी ८-१० किलोमीटर असतो, वारा नसल्यासारखाच, आणि शरीराची भट्टी पेटलेली. उतारावर पाय थांबतात, भट्टी विझते आणि नेमका तेव्हाच वारा सुटतो. पारा ५ अंशांवर असताना ताशी ४० किलोमीटरने उतरलात, तर उघड्या कातडीला उणे १ अंशाच्या आसपासची थंडी जाणवते. तीही कोरड्या कातडीला. घामाने भिजलेल्या अंगाचे हाल त्याहून वाईट. शिवाय दर १,००० मीटर उंचीमागे तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे माथ्यावर पायथ्यापेक्षा आधीच जास्त गार.

म्हणून चढ लागण्याआधीच झिप उघडा, टोपी काढा. माथ्यावर थांबलात की पाणी पिण्याआधी आणि फोटोआधी जाकीट घाला. उतारावर जोर लावायचा नसला तरी पाय हलके फिरवत राहा, गुडघे आखडत नाहीत.

बोटं बधिर झाली तर

बुटात दोन पायमोजे कोंबणं हा लोकप्रिय उपाय आहे आणि बहुतेक वेळा उलटा पडतो. बूट आवळला की रक्त फिरत नाही. बोटं हलवता येतील एवढी जागा ठेवून एकच चांगला मोजा घाला. हातांचंही असंच, नुसते जाड हातमोजे पुरत नाहीत. धड गार पडलं की शरीर हातापायांचं रक्त आखडतं घेतं. बोटांसाठी कधी कधी छातीवर एक थर वाढवावा लागतो.

फक्त करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील, तर मात्र थंडीवर खापर फोडू नका. बहुधा हँडलबारवर तळहाताची नस दाबली जातेय. पकड बदलत राहा, सीट पुढे झुकलेली नाही ना ते पाहा.

पाणी आणि खाणं

थंडीत तहान लागत नाही म्हणून बाटली भरलेलीच परत येते. घाम मात्र गेलेला असतो. दर २० मिनिटांनी दोन घोट घ्या. शून्याखाली बाटली आधी तोंडाशी गोठते, तेव्हा ती उलटी अडकवा. एनर्जी बार दगड होतात. आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा. फोन आणि जादा बॅटरीची जागाही तीच, कारण गारठ्यात बॅटरी लवकर उतरते.

टायर आणि रस्ता

२० अंशांच्या खोलीत ६० पीएसआय हवा भरलेला टायर बाहेर शून्य अंशात ५५ च्या आसपास येतो. खडी, चिखल, ओला रस्ता असेल तर हे चालतं, उलट पकड सुधारते. पण आधीच कमी भरली असेल, तर एखाद्या खड्ड्यात रिम ट्यूबला चावते. ट्यूबवर शेजारी शेजारी दोन छिद्रं दिसली तर काटा शोधत बसू नका, हवा कमी होती.

पारदर्शक बर्फ पुलांवर आणि सावलीतल्या वळणांवर आधी धरतो. त्यावर चाक गेलंच तर ब्रेक नाही, हँडल वळवणं नाही. सरळ जाऊ द्या. ब्रेक वळणाआधी लावायचे असतात.

पाय फिरतात पण चाक फिरत नाही, असं कडाक्याच्या थंडीत झालं तर फ्रीहबमधलं (पेडलचा जोर मागच्या चाकाला देणारा आणि पाय थांबले तरी चाक फिरू देणारा भाग) ग्रीस घट्ट झालेलं असण्याची शक्यता जास्त. उबदार जागी नेलं की सुटतं. गरम पाणी ओतू नका, तेच आत गोठेल. बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकलेलं असेल, तर घरी येताच चेन धुऊन, पुसून तेल द्या.

वेळेचा हिशोब

उन्हाळ्यातला सरासरी वेग धरून बेत आखू नका. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या राइडला, साडेतेरा तास मिळतात, आणि हिवाळ्यातला दिवस तेवढा मोठा कुठेच नसतो. दिवे आधीच सायकलवर हवेत.

सोबतचा गडी अडखळत बोलू लागला, उगाच चिडला किंवा कुडकुडणं अचानक थांबलं, तर राइड तिथेच संपवा. ओले कपडे बदला, आडोशाला न्या, शुद्धीवर असेल तर गरम आणि गोड काहीतरी पाजा, मदत बोलवा. शंका असेल तर ‘मी ठीक आहे’ यावर जाऊ नका. त्याला जाकिटाची झिप लावून दाखवायला सांगा.