गिटारवाल्याला रॅक लागतो का? घ्यायच्या आधी हे करून बघा

रॅक म्हणजे युनिटं एकावर एक स्क्रूने बसवायची पेटी. ती घेऊ का हा प्रश्न बहुतेक वेळा कुणाचा तरी मोठा सेटअप बघून डोक्यात येतो. मागे काळी पेटी, लुकलुकणारे लाइट, पायाशी फक्त एक बोर्ड, आणि वाटतं की तो आवाज त्या पेटीमुळेच येतोय. तसं नाहीये. केम्पर किंवा हेलिक्स या गिटारच्या डिजिटल प्रोसेसरचं उदाहरण बघा, रॅकमधलं मॉडेल आणि पायाशी ठेवायचं मॉडेल, आवाज बनवणारा भाग दोघांत तोच आहे. रॅक सोडवतो तो वायरिंगचा आणि वाहतुकीचा प्रश्न. तो प्रश्न तुम्हाला खरंच आहे का एवढंच शोधायचंय.

ऐंशीच्या दशकात गोष्ट वेगळी होती, कारण तेव्हा डिलेचं (प्रतिध्वनीचं) युनिट वेगळं, रिव्हर्बचं (घुमण्याचं) वेगळं, आवाज घडवणारा प्रीअँप वेगळा, तो मोठा करणारा पॉवर अँप वेगळा, आणि सगळंच जड. लॉस एंजेलिसच्या बॉब ब्रॅडशॉने टोटो बँडचा गिटारवादक स्टीव्ह लुकाथरसारख्या लोकांसाठी जे सेटअप बांधले त्यात सगळी युनिटं मागे रॅकमध्ये आणि पायाशी फक्त हुकूम देणारा बोर्ड अशी रचना होती. तेव्हा दुसरा इलाज नव्हता. आज क्वाड कॉर्टेक्स नावाचा पायाशी ठेवायचा प्रोसेसर दोन किलोच्या आत हे सगळं करतो, म्हणून जुने फोटो बघून ठरवू नका.

आधी सामानाचे दोन ढीग करा

गेल्या काही शोला जे जे नेलं ते सगळं घरी जमिनीवर मांडा, अगदी स्पाइक गार्ड आणि अडॅप्टरसकट. आता एका बाजूला ठेवा वाजवताना ज्यावर पाय पडतो ते: ड्राइव्ह, वाह, व्हॉल्युम पेडल, लूपर, प्रोसेसर. दुसऱ्या बाजूला ठेवा साउंडचेकनंतर ज्याला कुणी हात लावत नाही ते: वायरलेसचा रिसीव्हर, इन-इअरचा (कानात घालून स्वतःचा आवाज ऐकायच्या मॉनिटरचा) ट्रान्समीटर, पॉवर अँप, छोटा मिक्सर, ऑडिओ इंटरफेस.

रॅकचा विचार फक्त दुसऱ्या ढिगासाठी. त्यात एक-दोनच वस्तू असतील तर विषय इथेच संपला, एक चांगला पेडलबोर्ड आणि मजबूत बॅग घ्या, उरलेल्या पैशात गिटारचे पिकअप (तारांचा आवाज उचलणारा भाग) किंवा चांगले जॅक येतील. तीन-चार किंवा जास्त असतील तर पुढे वाचा.

मग जोडणीचा वेळ लावा

मोबाइलवर टायमर लावून घरी शून्यापासून सगळं जोडा, आवाज येईपर्यंत. वायरी किती वेळा लावल्या-काढल्या तेही मोजा. ऑर्केस्ट्रात किंवा कॉलेज फेस्टला दोन बँडच्या मध्ये फार कमी वेळ मिळतो आणि साउंडवाला घाई करत असतो, तिथे प्रत्येक जास्तीची वायर म्हणजे चुकायची एक जास्तीची जागा. रॅकचा खरा फायदा हाच, आतलं वायरिंग एकदा केलं की कायमचं, जागेवर गेल्यावर मेन्सची एक वायर, गिटारची एक, आउटच्या दोन, झालं. पण तुमची जोडणी आत्ताच पाच-सात मिनिटांत होत असेल तर रॅकने फार काही वाचणार नाही.

गाडीचा प्रश्न टाळू नका

पुण्यात बरेच गिटारवाले ॲक्टिव्हावर गिटार पाठीला लावून आणि प्रोसेसर पायाशी ठेवून शोला जातात, मुंबईत लोकलने जातात. रॅक घेतला की हे बंद. चारचाकी किंवा टेम्पो लागतो, आणि बऱ्याच नाट्यगृहांत पायऱ्या असतात तिथे उचलायला दुसरा माणूस लागतो. बँडची गाडी ठरलेली असेल तर ठीक, नाहीतर दर शोला गाडीभाडं मानधनातून जाणार, तो आकडा लिहून बघा, बऱ्याच जणांचा निर्णय या एका आकड्यावरच होतो. विमानाने जाणार असाल तर देशांतर्गत इकॉनॉमीला साधारण १५ किलो सामान चालतं, त्यात भरलेला रॅक बसवणं अवघडच.

एवढं करूनही घ्यायचाच असेल तर

रॅकची रुंदी १९ इंच ही ठरलेली आहे, उंची ‘यू’ मध्ये मोजतात, १ यू म्हणजे १.७५ इंच. ॲक्स-एफएक्स थ्री, केम्पर रॅक, हेलिक्स रॅक हे तिन्ही प्रोसेसर ३ यू. त्यात पॉवरचं युनिट १ यू, वायरलेस १ यू, आणि हवा खेळायला १ यू रिकामी, म्हणजे ६ यू. व्हॉल्व्हचं (तापणाऱ्या काचेच्या नळ्यांचं) काही असेल तर वरची जागा मोकळी सोडाच. आणि पेटीची पुढून मागेपर्यंतची खोली मोजायला विसरू नका, मागे वायरींची डोकी बाहेर येतात, ती धरून मोजा, नाहीतर मागचं झाकण लागत नाही.

वायरलेसचा रिसीव्हर पेटीत खोल गाडू नका, अँटेना पुढच्या बाजूला आणा. सिस्टिम २.४ गिगाहर्ट्झवाली असेल आणि त्याच रॅकमध्ये मिक्सरचा वायफाय राउटर ठेवणार असाल तर राउटर ५ गिगाहर्ट्झवर चालवा, नाहीतर दोघं एकमेकांच्या आड येतात.

विजेबद्दल जरा जास्त बोलतो, कारण आपल्याकडचे बरेच शो जनरेटरवर चालतात आणि लोक पॉवर कंडिशनर (वीज गाळून देणारं युनिट) लावून निवांत होतात. साधा कंडिशनर अचानक आलेला झटका अडवतो आणि विजेतली थोडी खरखर गाळतो, पण व्होल्टेज खालीवर झालं तर तो काही करत नाही, त्याला व्होल्टेज धरून ठेवणारं रेग्युलेटर किंवा चांगला यूपीएस लागतो. परदेशातून कुणी युनिट आणून देत असेल तर ते आपल्या २३० व्होल्टचं आहे का हे मागची पट्टी वाचून बघा, अमेरिकेतलं १२० व्होल्टचं असतं. आणि रॅकमध्ये हम (सतत घुमणारा गुंगुं आवाज) आला तर प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायची सवय आहे बऱ्याच जणांना, ती कृपा करून करू नका, गिटारच्या तारांना हात आणि माइकला ओठ लागलेला असताना जिवावर बेतू शकतं. हम बऱ्याचदा युनिटांच्या बॉड्या लोखंडी पट्ट्यांना टेकल्यामुळे येतो, स्क्रूखाली नायलॉनचे वॉशर घालून युनिट पट्टीपासून वेगळं करा, सगळी युनिटं एकाच प्लग पॉइंटवरून चालवा, बऱ्याच वेळा तेवढ्याने जातो.

आवाजाच्या वायरींचंही बघा. गिटारपासून मागच्या रॅकपर्यंत आणि परत पुढे पेडलपर्यंत लांब वायरी गेल्या की साध्या पिकअपचा वरचा चकाकी असलेला भाग मरतो, म्हणून साखळीत सुरुवातीलाच एक बफर (लांब वायरीतही सिग्नल टिकवणारं सर्किट) हवा, फक्त जुना फझ पेडल असेल तर तो बफरच्या आधी. स्टुडिओसाठी बनवलेली रॅकची युनिटं लाइन लेव्हलची, म्हणजे गिटारपेक्षा बऱ्याच जोरकस सिग्नलची असतात, ती थेट गिटारच्या जॅकला जोडली तर आवाज बारीक आणि खरखरीत येतो, त्यांची जागा अँपच्या इफेक्ट लूपमध्ये (अँपच्या मध्येच इफेक्ट जोडायची सोय), तेही लूप लाइन लेव्हलचा असेल तर. पायाशी मिडी बोर्ड (मागच्या युनिटांना हुकूम पाठवणारा) ठेवणार असाल तर मिडीची वायर १५ मीटरच्या आत ठेवा.

बँडचा रॅक हा वेगळा मुद्दा

आज रॅकची सगळ्यात चांगली बाजू मला इथे दिसते. बेहरिंगर एक्सआर१८ सारखा मिक्सर, इन-इअरचे ट्रान्समीटर, राउटर असं सगळ्या बँडचं सामान एका पेटीत, खर्च सगळ्यांत वाटलेला, आणि प्रत्येकाला आपला मॉनिटर मोबाइलवरून लावता येतो. असा रॅक बँडने घेतला तर गिटारवाल्याचं वायरलेस त्यातच एका कोपऱ्यात बसतं आणि स्वतःचा वेगळा रॅक घ्यायचं कारणच उरत नाही. म्हणून स्वतः पैसे घालायच्या आधी बाकीच्यांशी एकदा बोला.

विकत घ्यायच्या आधी ट्रायल

सुताराकडून ४५ सेंटीमीटर रुंदीची प्लायची फळी कापून घ्या, दुसऱ्या ढिगातल्या वस्तू त्यावर केबल टायने बांधा, आतलं वायरिंग कायमचं करा आणि दोन-तीन शो असेच करा. जोडणीचा वेळ पुन्हा मोजा. फरक पडला तर पेटी घ्या, जुनी फ्लाइट केस (मजबूत कोपऱ्यांची प्रवासी पेटी) साउंड भाड्याने देणाऱ्यांकडे बऱ्याचदा स्वस्तात विकत मिळते, फक्त आतल्या पट्ट्या वाकलेल्या नाहीत ना, कोपरे सुटलेले नाहीत ना, आणि एम६ चे नट-स्क्रू सोबत आहेत ना ते बघून घ्या, आणि दोन-चार नट जास्तीचे मागून ठेवा, स्टेजच्या अंधारात ते हमखास हरवतात.