विश्वामित्रीच्या पाणलोटासाठी पावसाचे आकडे कसे जुळवावेत

बडोद्यात विश्वामित्री नदीच्या पुराचा हिशेब मांडायचा तर पावसाचे दोन मोठे साठे फुकट मिळतात. एक युरोपीय हवामान केंद्राचा ईआरए५, म्हणजे जुन्या निरीक्षणांवरून हवामानाच्या मॉडेलने काढलेले आकडे, १९४० पासून तासातासाचे. दुसरा भारतीय हवामान खात्याचा ग्रिड, म्हणजे पर्जन्यमापकांच्या नोंदी चौकटींवर पसरवून केलेला साठा, १९०१ पासून रोजचा. दोघांची चौकट ०.२५ अंशाची, त्यामुळे ते एकावर एक सहज बसतील असे वाटते. बसत नाहीत, आणि पुष्कळदा दोष मॉडेलचा नसून तारखेचा असतो.

खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि ज्या दिवशी संपतो त्याचीच तारीख घेतो. म्हणून ३१ जुलै २०१९ ला दिवसभर शहरावर जे कोसळले ते १ ऑगस्टखाली शोधायचे. ईआरए५ जागतिक वेळेत चालतो. आपले साडेआठ म्हणजे तिथले ०३:००. शिवाय त्यातला प्रत्येक आकडा आधीच्या तासाचा असतो. तेव्हा आदल्या दिवशीच्या ०४:०० पासून आजच्या ०३:०० पर्यंतचे २४ आकडे एका दिवसात पडले पाहिजेत. पायथनच्या एक्सअ‍ॅरे या लायब्ररीमध्ये सगळ्या वेळांत २० तास मिळवा, मग दिवसागणिक बेरीज करा. तारीख आपोआप खात्याची होते. खात्री करण्यासाठी दोन्ही मालिकांचा सहसंबंध एक दिवस मागे, शून्यावर आणि एक दिवस पुढे काढा. शून्यावर तो सर्वांत जास्त नसेल तर पुढे जाऊ नका.

एककाचे काम छोटे: ईआरए५ मीटरमध्ये देतो, १००० ने गुणा. मासिक फाइलमध्ये मात्र दिवसाची सरासरी असते, महिन्याचे दिवस गुणायला विसरू नका. ईआरए५-लँड, म्हणजे याचीच फक्त जमिनीसाठीची बारीक चौकटींची आवृत्ती, वापरत असाल तर जास्त जपा. त्यात पाऊस दिवसभर साठत जातो आणि ००:०० चा आकडा आदल्या पूर्ण दिवसाचा असतो. तासांची सरळ बेरीज केली तर पाऊस कित्येक पट फुगतो. खात्याच्या फाइलमधला -९९९ म्हणजे नोंद नाही. तो आधी रिकामा करा. ईआरए५ चे अक्षांश उत्तरेकडून उतरत जातात, म्हणून पट्टा कापताना मोठा अक्षांश आधी लिहा. उलटे लिहिले तर चूक दाखवली जात नाही, फक्त रिकामी फाइल हाती येते.

आता जागा. बडोदे शहर २२.२५, ७३.२५ या चौकटीत येते, पावागड २२.५, ७३.५ मध्ये, आणि आजवा तलाव चौकटींच्या सीमेपाशीच. ‘सर्वांत जवळची चौकट’ घेणे इथे धोक्याचे. पाणलोटाची हद्द टाकून प्रत्येक चौकटीला तिच्यातल्या क्षेत्राइतके वजन द्या.

हे झाल्यावरच क्वांटाइल मॅपिंग, म्हणजे मॉडेलच्या पावसाची लहान-मोठ्या दिवसांची वाटणी खात्याच्या वाटणीशी जुळवणे. १९९१ ते २०२० चे जून ते सप्टेंबर घ्या: वर्षाला १२२ दिवस, एकूण ३६६०. मॉडेल रिमझिम फार दिवस पाडते, म्हणून खात्याच्या ग्रिडमध्ये १ मिमी वा जास्त पावसाचे जितके दिवस आहेत तितकेच मॉडेलमध्ये उरतील असा उंबरठा ठरवा. त्याखालचे सगळे शून्य. उरलेले दिवस दोन्हीकडे चढत्या क्रमाने लावून टक्क्याला टक्का जोडा. ९९ टक्क्यांच्या वर मोजके दिवस उरतात, तिथे जोडणी डळमळते. ९९ टक्क्यांवरचे गुणोत्तरच पुढे चालवा. तासांचे आकडे हवे असतील तर त्या दिवसाच्या गुणोत्तराने प्रत्येक तास गुणा.

पडताळणीसाठी विषम वर्षांवर जोडणी करून सम वर्षांवर तपासा. सरासरी जुळली म्हणून हुरळू नका, ती जुळणारच. ६४.५ मिमीच्या वरचे, म्हणजे खात्याच्या लेखी मुसळधार पावसाचे, दिवस किती पकडले, किती हुकले, किती खोटे निघाले ते मोजा. वादळ चुकीच्या दिवशी पडले असेल तर ही पद्धत ते हलवत नाही. आणि खात्याचा ग्रिडही पर्जन्यमापकांमधून पसरवलेला, शिखरे थोडी बसलेली. विश्वामित्रीवरील काळा घोडा पुलावरच्या २६ फुटांच्या धोक्याच्या खुणेशी तुलना करायची तर ग्रिडसोबत शहरातल्या पर्जन्यमापकाची मूळ नोंदही जवळ ठेवा.