ग्रॅव्हल बाईक घेताय? आधी टायरची जागा आणि सगळ्यात हलका गिअर बघा

ग्रॅव्हल बाईक (डांबर आणि खडीचे कच्चे रस्ते दोन्हीवर चालणारी, जाड टायरची सायकल) घ्यायची म्हटलं की लोक पहिल्यांदा विचारतात कंपनी कुठली आणि फ्रेम कार्बनची की अल्युमिनियमची. हे दोन्ही प्रश्न नंतर. आधी हे ठरवा की तुम्ही जिथे जिथे जाणार त्यातला सगळ्यात वाईट रस्ता कुठला, सगळ्यात जास्त चालवता तो नाही, सगळ्यात वाईट. डांबरावर कुठलीही सायकल पळते हो, पण सुट्या खडीच्या चढावर मागचं चाक जागीच गरगरायला लागलं आणि खाली गिअर उरला नाही की उतरून ढकलणं आलं, मग फ्रेम कितीही भारी असूदे.

म्हणून मी सगळ्यात आधी टायर क्लिअरन्स बघतो. फ्रेममधे आणि फोर्कमधे (पुढचं चाक धरणारा चिमटा) जास्तीत जास्त किती रुंद टायर बसतो तो आकडा. ४० एमएमच्या खाली असेल तर पुढचं वाचूच नका, ४५ ते ५० असेल तर मस्त. बारीक टायर मोठ्या जागेत कधीही बसतो, उलटं होत नाही. टायर बसल्यावर दोन्ही बाजूंना चारपाच एमएम तरी मोकळी जागा पाहिजे, नाहीतर चिखलात चाक जाम होतं आणि अडकलेले खडे फ्रेमचा रंग खरवडतात. ही जागा बहुतेक वेळा मागे, क्रँकच्या (पॅडल ज्याला लावलेले असतात तो दांडा) जवळ सगळ्यात कमी असते, तिथे बोट घालून बघा. मडगार्ड लावणार असाल तर अजून थोडी सोडा. आणि टायरवर ४० लिहिलंय म्हणजे ४०च भरेल असं नाही, रुंद रिमवर तोच ४२ भरू शकतो.

चाकाचं माप ७००सी घ्यावं की ६५०बी यावर लोक तासन्‌तास भांडतात. ६५०बीचं रिम लहान असतं (टायर बसतो तो व्यास ५८४ एमएम, ७००सीचा ६२२) त्यामुळे बऱ्याच फ्रेममधे जास्त जाड टायर मावतो. पण ६५०बी बाय ४७चं चाक उंचीला जवळजवळ ७००सी बाय २८ एवढंच होतं, म्हणजे ४०च्या टायरवरून त्यावर आलात तर क्रँक साधारण १२ एमएम खाली येतो आणि दगडधोंड्यांवर पॅडल आपटायची शक्यता वाढते. फार ठेंगणी फ्रेम लागत नसेल तर ७००सी घ्या आणि विषय संपवा.

टायरची नक्षी: डांबर आणि कडक कच्चा रस्ता जास्त असेल तर मधे गुळगुळीत आणि कडेला गुट्ट्या (रबराचे उंचवटे) असलेला, सुटी खडी असेल तर सगळीकडे बारीक गुट्ट्या, चिखल असेल तर गुट्ट्या एकमेकींपासून लांब पाहिजेत म्हणजे माती झडते. पुढे जास्त पकडीचा आणि मागे जरा गुळगुळीत टायर लावला तरी चालतं, मला तर तेच आवडतं, कारण वळणावर पुढचं चाक घसरलं की सावरायला वेळच मिळत नाही.

आता हवा. इथे एक पैसा न घालवता सगळ्यात जास्त फरक पडतो आणि इथेच सगळे टायर दगडासारखे फुगवून फिरतात. साधारण ७० किलोचा माणूस आणि ४० एमएमचा ट्यूबलेस टायर असेल तर पुढे ३०, मागे ३३ पीएसआयपासून सुरू करा. ट्यूब असेल तर पाचेक पीएसआय जास्त. रिम दगडावर टण्णकन आपटायला लागलं तर दोन दोन पीएसआय वाढवत जा, हाताला सारखे हादरे बसत असतील तर कमी करा. रिम हुकलेस (टायर अडकवायला आतल्या कडेला आकडा नसलेलं) असेल तर कमाल मर्यादा ५ बार म्हणजे ७२.५ पीएसआय, आणि टायरही हुकलेसला चालणाराच लागतो, हे आधी तपासा.

ट्यूबलेस करायचंच. एवढ्या कमी हवेत ट्यूब दगड आणि रिमच्या मधे चेमटते आणि दोन भोकं पडतात, ती भानगडच राहत नाही, काट्याची भोकं टायरच्या आत ओतलेलं सीलंट नावाचं द्रव बुजवतं. फक्त सीलंट सुकतं, त्यामुळे दोनतीन महिन्यांनी बघत राहायचं.

गिअरचं गणित सोपं आहे, पुढच्या चक्राचे दात भागिले मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राचे दात. उत्तर १च्या खाली आलं पाहिजे, सामान लादून चढ चढायचे असतील तर ०.९च्याही खाली. शिमानोनं २०१९ मधे ग्रॅव्हलसाठी म्हणून जीआरएक्स हा गिअरचा संच काढला, त्यातलं पुढे ४६/३० (दोन चक्रांचे दात) आणि मागे ११-३४ (सगळ्यात लहान ते सगळ्यात मोठ्या चक्राचे दात) घेतलं तर ३० भागिले ३४ म्हणजे ०.८८. पुढे एकच ४० आणि मागे ११-४२ असेल तर ०.९५. रोड बाईकचं ३४ आणि मागे ३० घेतलं तर १.१३, त्यावर खडीचा चढ म्हणजे गुडघ्यांशी वैर. वन बाय (पुढे एकच चक्र) की टू बाय (पुढे दोन)? चिखल, पायवाटा जास्त असतील तर वन बाय, बिघडायला एक वस्तू कमी. डांबरावर लांब लांब जात असाल तर टू बाय, कारण गिअरमधल्या उड्या लहान असतात आणि पाय एका लयीत चालतात. दोन्हीत मागच्या डिरेलरला (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) चेन ताणून धरणारा क्लच मात्र असूदे, नाहीतर चेन फ्रेमवर सारखी खडखडते.

ब्रेक डिस्कच, जमलं तर हायड्रॉलिक. लांब उतारावर दोन बोटांत काम होतं.

फ्रेमबद्दल थोडक्यात: चांगली अल्युमिनियम फ्रेम घेऊन उरलेल्या पैशात चांगले टायर घेणं हे कार्बन घेऊन फालतू टायरवर फिरण्यापेक्षा केव्हाही बरं. साईझ उंचीच्या तक्त्यावरून नका ठरवू, स्टॅक (क्रँकच्या मध्यापासून फ्रेमच्या पुढच्या वरच्या टोकाची उंची) आणि रीच (त्याच दोघांतलं आडवं अंतर) हे दोन आकडे तुम्हाला सोयीच्या असलेल्या सायकलशी ताडून बघा. हॅण्डल खाली जाताना बाहेर फाकलेलं असतं, १२ ते १६ अंश बास झालं. सस्पेन्शन फोर्कच्या आधी जाड टायर आणि जाड बार टेप लावून बघा, बहुतेकांचं तेवढ्यात भागतं.

सामान लावताना जड वस्तू फ्रेमच्या मधल्या त्रिकोणी बॅगेत, कपडे वगैरे हलकं सीटमागे. मागची बॅग जड झाली की उभं राहून चढ चढताना सायकल डावीउजवीकडे झोके घेते. फोर्कवर बाटली किंवा पिशवी लावायची जागा असेल तर तिची वजनाची मर्यादा मॅन्युअलमधे बघूनच लादा, कार्बन फोर्कला तर नक्कीच. पॅडल दोन बोल्टच्या क्लीटचं (बूट पॅडलला अडकवणारा तुकडा) घ्या, क्लीट बुटाच्या तळव्यात आत राहतं म्हणून ढकलत चालता येतं (आणि ढकलावं लागतंच कधीतरी).

टूलकिटमधे ट्यूबलेसचे प्लग, ट्यूबलेस असलं तरी एक ट्यूब, टायर लिव्हर, छोटा पंप, मल्टिटूल, चेन तोडायचं टूल, तुमच्या चेनला बसणारी क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी), आणि टायर कडेनं फाटला तर आतून लावायला जुन्या टायरचा एक तुकडा. सीओटू कार्ट्रिज (झटपट हवा भरायची गॅसची छोटी नळी) ठेवत असाल तर लक्षात असूदे, त्यानं काही लेटेक्स सीलंटच्या गुठळ्या होतात, मी म्हणून पंपच ठेवतो. आणि डिरेलर हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा धातूचा छोटा तुकडा) एक जास्तीचा घेऊन ठेवा, सायकल विकत घेतानाच मागा, कारण तो फ्रेमप्रमाणे वेगळा असतो आणि सायकल उजव्या बाजूला पडली की आधी तोच वाकतो.