मोठ्यांचा डेक मोठ्यांसाठीच कसा राखायचा

मी वेंगुर्ल्याचा. मायामीहून सुटणाऱ्या क्रूझ जहाजांवर, म्हणजे पर्यटकांच्या सहलीच्या जहाजांवर, पूल डेकला सात वर्षं काढली. तिथला एक भाग फक्त मोठ्यांसाठी राखलेला असतो. नव्या पोरांना पहिली गोष्ट हीच सांगतो: मुलांना त्या भागाच्या दाराशीच अडवा. एकदा का मुलाचे पाय जकुझीत, म्हणजे गरम पाण्याच्या कुंडात, बुडाले की आईबाप भांडायलाच बसतात.

वयाची अट पाठ करा, ती प्रत्येक कंपनीची वेगळी. मोठ्यांच्या भागाला प्रत्येकीचं नावही वेगळं: कार्निव्हलच्या सेरेनिटीत किमान 21 वर्षं, डिस्नीच्या क्वाएट कोव्हमध्ये 18, रॉयल कॅरिबियनच्या सोलॅरियममध्ये 16. दुसऱ्या जहाजावर फिरून आलेला पाहुणा "तिकडे चालतं" म्हणणारच.

बोलायचं ते आईबापाशी, जवळ जाऊन, हळू आवाजात. "नो किड्स" म्हणू नका. "मुलांचा पूल पलीकडे आहे, घसरगुंडीसकट, चला, दाखवतो," असं म्हणत चालायलाच लागा. हातात दोन कोरडे टॉवेल ठेवा. टॉवेलच्या मागे पोरं निमूट येतात, का ते देव जाणे.

झोपलेलं तान्हं बाळ सगळ्यात अवघड. "रडतंय कुठे?" म्हणतात. खरं आहे, पण एकाला सोडलंत की अर्ध्या तासात पाच बाबागाड्या. थोराड दिसणाऱ्या पोराच्या वयावरून वाद झाला तर हुज्जत घालू नका. केबिनचं कार्ड मागा, नाहीतर सुपरवायझरला बोलवा.

सी-डेला, म्हणजे जहाज बंदराला लागत नाही त्या दिवशी, बदली माणूस आल्याशिवाय जेवायला जाऊ नका. मी एकदाच गेलो होतो. परतलो तर जकुझीत आठ पोरं आणि एक फुगवलेली मगर.